पर्लची फाइल::स्टॅट आणि युजर::पीडब्ल्यूएंट: सोयीची, पण एका अटीवर

पर्ल या प्रोग्रामिंग भाषेतले मूळ स्टॅट हे फंक्शन फाइलची माहिती म्हणून 13 आकड्यांची यादी हातात देते. मोजणी शून्यापासून, म्हणजे 7 वर आकार आणि 9 वर बदलाची वेळ. सहा महिन्यांनी स्क्रिप्ट उघडणाऱ्याला चौकटी कंसातला तो 7 काहीही सांगत नाही. फाइल::स्टॅट हे मॉड्यूल (तयार कोडचा संच) घेतले की तिथे सरळ साइज (आकार), एमटाइम (बदलाची वेळ), यूआयडी (वापरकर्त्याचा क्रमांक) अशी नावे येतात. टॉम क्रिश्चियनसेन यांचे हे मॉड्यूल आणि युजर::पीडब्ल्यूएंट पर्लसोबतच येतात, सीपॅन या ऑनलाइन भांडारावरून काही उतरवावे लागत नाही.

अडचण वेगळीच आहे. मॉड्यूल आणणारे साधे 'यूज' लिहिले की त्या पॅकेजमधले (कोडच्या विभागातले) मूळ स्टॅट झाकले जाते. खाली कुठे यादीतून 7 क्रमांकाचा घटक काढणारी जुनी ओळ असेल, तर तिला एकच ऑब्जेक्ट (सगळी माहिती एकत्र धरणारी वस्तू) मिळतो आणि आकार रिकामा येतो. एररही दिसत नाही, हे सर्वांत वाईट. म्हणून जुन्या स्क्रिप्टमध्ये मॉड्यूल रिकाम्या कंसासह आणावे आणि फाइल::स्टॅट::स्टॅट असे पूर्ण नाव लिहून बोलवावे. नव्या स्क्रिप्टमध्ये उलट चालते: नेहमीचे 'यूज' आणि मूळ हवे तिथे कोअर::स्टॅट. फाइलचे नाव मात्र कंसात स्पष्ट द्यावे. नाव न देता डॉलर-अंडरस्कोअर (पर्लचे आपोआप वापरले जाणारे व्हेरिएबल) गृहीत धरण्याची सवय इथे गोत्यात आणते.

फाइल नसेल तर अनडेफ (रिकामी किंमत) परत येते. त्यावर साइज विचारली की स्क्रिप्ट तिथेच कोसळते, तेव्हा 'ऑर डाय' (नाहीतर थांब) आणि डॉलर-उद्गारचिन्ह (एररचे कारण) त्याच ओळीत हवेत. मोड या रकान्यात परवानग्यांबरोबर फाइलचा प्रकारही असतो. 07777 ने अँड (बिटांची क्रिया) करून ऑक्टलमध्ये (आठच्या पायावर) छापल्याशिवाय 0644 सारखी परवानगी दिसत नाही.

वापरकर्त्याच्या खात्याची माहिती देणारे युजर::पीडब्ल्यूएंट मला जास्त आवडते. नावावरून खाते शोधणारे मूळ गेटपीडब्ल्यूनॅम स्केलरमध्ये (एकच मूल्य मागितल्यास) फक्त यूआयडी देते, हे तर ऑब्जेक्ट देते. होम फोल्डर 'डिर'मध्ये, शेल 'शेल'मध्ये. कोटा, एक्स्पायर यांसारखे रकाने सगळ्या प्रणालींवर नसतात, ते आहेत का हे आधी पीडब्ल्यू_हॅज या फंक्शनला विचारावे.

तारीख-वेळेसाठीच्या टाइम::लोकलटाइम या तशाच मॉड्यूलकडून मात्र जास्त अपेक्षा नको. नावे मिळतात, तरी इयरमध्ये (वर्ष) 1900 आणि मॉनमध्ये (महिना) 1 मिळवावाच लागतो.

लाखो फाइलींच्या लूपमध्ये ऑब्जेक्टचा भार जाणवतो. तिथे कोअर::स्टॅट वापरून शेजारी 7 म्हणजे काय ते टिपणात लिहावे.