डॅशकॅम: सॉकेटला लावायचा का फ्यूज बॉक्समधून?

दादा, डॅशकॅम म्हणजे गाडीच्या काचेला लावायचा रेकॉर्डिंगचा कॅमेरा. तो जोडायच्या आधी प्रश्न एकच, गाडी उभी असताना रेकॉर्डिंग पाहिजे का नाही, बाकी सगळं त्यावरच ठरतं.

खर्चात सॉकेट (गाडीतली चार्जर लावायची जागा) सरळ जिंकतं, चार्जर डब्यातच येतो, लावला की चालू. पण वायर डॅशबोर्डवर लोंबकळते, चार्जिंगची जागा अडते अन् बऱ्याच गाड्यांत चावी काढली की कॅमेरा बंद.

फ्यूज बॉक्समधून घ्यायचं तर हार्डवायर किट, म्हणजे कॅमेरा थेट फ्यूज बॉक्सला जोडायचा वायरींचा संच, लागतं. तीन वायरी असतात, एक कायम करंटची, एक चावीवर चालणारी, एक अर्थिंग. किटमधी लो व्होल्टेज कटऑफ (गाडीची बॅटरी उतरायला लागली की कॅमेरा आपोआप बंद करणारी सोय) पाहिजेच, १२ व्होल्टच्या आसपास सेट करा, नाहीतर सकाळी गाडी सुरूच व्हायची नाही. फ्यूज टॅप (फ्यूजच्या जागी बसवून नवी वायर जोडायचा तुकडा) वापरा, वायर सोलून जोडू देऊ नका अन् एअरबॅगच्या फ्यूजला तर हातच लावू देऊ नका! वॉरंटीतली गाडी असंल तर आधी सर्व्हिस सेंटरला विचारा.

आपल्याकडं परभणी-नांदेडचं ऊन बघता कॅमेरा बॅटरीवाला नको, सुपरकपॅसिटरवाला (बॅटरीऐवजी वीज साठवणारा, उष्णता सोसणारा भाग असलेला) घ्या, उन्हात उभ्या गाडीत बॅटरी फुगते.

फक्त लातूर-संभाजीनगर हायवेपुरता पाहिजे तर सॉकेट बास. गाडी रात्री रस्त्यावर लावत असाल तर हार्डवायरच करा, चांगल्या इलेक्ट्रिशियनकडून.