‘सेल्फ गेलाय’ ऐकल्यावर लगेच होकार देऊ नका

सकाळी चावी फिरवली की नुसतं ‘कट-कट-कट’ वाजतं, डॅशबोर्डचे दिवे मंदावतात आणि गाडी काही सुरू होत नाही. गॅरेजमधून माणूस येतो, बोनेट उघडतो, दोनदा चावी फिरवायला लावतो आणि म्हणतो, "सेल्फ गेलाय, नवीनच टाकावा लागेल." सेल्फ म्हणजे इंजिनाला फिरवून सुरू करणारी मोटर. संध्याकाळी गाडी एका झटक्यात सुरू होऊन परत येते, त्यामुळे हजारो रुपये देताना मालकाला शंकाही येत नाही. प्रत्यक्षात बॅटरीचं टर्मिनल, म्हणजे जिथे वायर जोडलेली असते ती जागा, साफ करून आवळलेलं असतं, एवढंच. त्यात गाडीचा चांगला सेल्फ काढून कुणाचा तरी जुना, रंग मारलेला सेल्फ बसवला असेल, तर ती सरळ चोरी आहे.

यातून वाचायचं तर आवाज ओळखायला हवा. जलद कट-कट हे बहुतेक वेळा बॅटरी उतरल्याचं किंवा टर्मिनल सैल असल्याचं लक्षण. सोलेनॉइड (सेल्फच्या मोटरला वीज जोडणारा चुंबकी स्विच) ओढायला थोडा करंट पुरतो, पण मोटर फिरवायला शंभर-दीडशे अँपिअर किंवा त्याहून जास्त लागतो. तेवढा मागितला की व्होल्टेज कोसळतं, सोलेनॉइड सुटतो, व्होल्टेज सावरतं, तो पुन्हा ओढला जातो. दिवे लख्ख असताना एकच ‘ठक्’ आवाज आला, तर मात्र सेल्फवर संशय घ्यायला जागा आहे. इंजिन नेहमीच्या वेगाने फिरतंय पण पेटत नाही, तर सेल्फ निर्दोष. इंधन, स्पार्क किंवा इमोबिलायझर (खरी चावी ओळखल्याशिवाय इंजिन पेटू न देणारी यंत्रणा) बघायचा. बटणस्टार्ट गाडीत चावीचा सेल संपला असला तरी गाडी दाद देत नाही. बऱ्याच मॉडेलमध्ये तीच चावी बटणाला टेकवली की काम होतं.

मेकॅनिकला पाना लावू देण्याआधी मीटर लावायला सांगा. साधा मल्टिमीटर काहीशे रुपयांत मिळतो, घरी असावाच. रात्रभर उभ्या गाडीची भरलेली बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते, 12.2 म्हणजे साधारण अर्धी, 12 च्या खाली म्हणजे उतरलेली. सेल्फ मारताना आकडा 9.6 च्या खाली गेला, तर बॅटरी चार्ज करून तपासायची. आता महत्त्वाची चाचणी: मीटरची एक पिन बॅटरीच्या शिशाच्या खुंटीवर, दुसरी तिच्यावर आवळलेल्या वायरच्या क्लॅम्पवर ठेवा आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. इथे 0.2 व्होल्टपेक्षा जास्त दिसलं, तर दोष त्या सांध्यातच आहे. पांढरी-हिरवी पूड साचली असेल, तर आधी निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह सोडवा. खाण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्याने आणि ब्रशने साफ करून कोरडं करा, आणि बसवताना निगेटिव्ह शेवटी. बहुतेक गाड्यांना 10 चा पाना पुरतो. खर्च जवळजवळ शून्य, आणि याच कामाचे सेल्फच्या नावाने पैसे घेतले जातात.

सेल्फ खरंच बिघडला तरी बऱ्याचदा कार्बन ब्रश (मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे, झिजणारे तुकडे) किंवा सोलेनॉइडचे कॉन्टॅक्ट बदलून भागतं. अख्खा बदलायचाच असेल, तर जुन्यावर मार्करने खूण करून फोटो काढा आणि तो परत मागा.

दुसरा डाव बॅटरीचा. आतला दिवा रात्रभर राहिल्याने उतरलेली बॅटरी ‘मेली’ म्हणून काढून नेतात, चार्ज करून विकतात. आधी चार्ज, मग लोड टेस्ट (भार देऊन बॅटरी टिकते का ते बघणं), आणि वॉरंटी कार्डावरची तारीख बघितल्याशिवाय ती हातातून सोडू नका. नवीन घेताना बॅटरीवरचा अनुक्रमांक कार्डावरच्या अनुक्रमांकाशी जुळवून शिक्का आणि तारीख घ्या.

इंजिन चालू असताना कुणी टर्मिनल काढून ‘अल्टरनेटर (चालू गाडीत बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) तपासतो’ म्हणाला, तर तिथेच थांबवा. बॅटरी सुटताच व्होल्टेज उसळून ईसीयूसकट (इंजिन सांभाळणारा संगणक) महागडे भाग जळू शकतात. त्यासाठी मीटर पुरतो: चालू गाडीत टर्मिनलवर 13.8 ते 14.5 व्होल्ट दिसायला हवेत.

महामार्गावर बंद पडलात तर सर्चमध्ये सापडलेल्या मदतीच्या नंबरवर आगाऊ यूपीआय करू नका. विमा पॉलिसीवरचा नंबर किंवा राष्ट्रीय महामार्गावर 1033 लावा. पैसे गेलेच असतील तर ताबडतोब 1930. गॅरेजने फसवलं असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915; त्यासाठी पार्ट नंबर लिहिलेलं पक्कं बिल आणि जुन्या भागाचे फोटो जपून ठेवा.