बासा फिले घ्यावं की सुरमईच्या तुकड्या?

विश्रामबागेत राहणाऱ्या माझ्या भाचीला घरी जेवायला माणसं बोलवायची आहेत. मॉलमधलं गोठवलेलं बासा फिले, म्हणजे काटा-कातडी काढलेला मासा आणायचा, की रत्नागिरीहून बर्फात येणारी सुरमई?

पाकिटावरच्या लाटांच्या चित्राकडे आधी दुर्लक्ष करा. बासा समुद्रातला मासाच नव्हे, तो आग्नेय आशियातल्या मेकाँग नदीतला. त्यातही 'बासा' म्हणून विकला जातो तो बहुतेकदा त्याचा चुलतभाऊ पंगास, तळ्यात वाढवलेला. आंध्रातही त्याची शेती होते. अमेरिकेने तर 2002 साली कायदा करून या माशांना 'कॅटफिश' (मिशीवाला मासा) म्हणून विकायलाही बंदी घातली. मासा वाईट नाही. नाव बदलून विकणं वाईट.

भावात बासा स्वस्त. पण फिलेवर बर्फाचा थर असतो, म्हणून पाकीट घेताना बर्फ वगळून निव्वळ वजन किती ते वाचा. सुरमई महाग, काटा-कातड्याचं वजनही आपल्याच माथी.

ओळख पटवण्यात सुरमई सरस. तुकडीला चंदेरी कातडी आणि मधला काटा असतो. मांस घट्ट हवं, बोटाने दाबल्यावर वर यायला हवं. सोललेल्या पांढऱ्या फिलेत काय पारखणार?

चवीत तुलनाच नको. बासाला स्वतःची चव नाही, रश्श्यात ढवळलं की फुटतं. सुरमई कोकमाच्या आंबटात टिकते.

लहान मुलं, काट्याची भीती, तळायचे फिंगर्स: बासा घ्या. पाहुण्यांना कालवण आणि रवा लावून तुकडी वाढायची असेल, तर सुरमईच, थोडी कमी आणा हवं तर.