पडदा काळा, पंखा चालू: बंद न होणाऱ्या पीसीबरोबर आठ महिने

आठ महिन्यांपूर्वी घरच्या वापरासाठी सुटे भाग जोडून डेस्कटॉप तयार करून घेतला. १६ जीबी रॅम, एसएसडी, विंडोज ११. वेगाबद्दल तक्रार नाही, आवाज जवळजवळ नाही, आणि उन्हाळ्यातही तापला नाही. यापलीकडे त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. हा अनुभव लिहितोय तो एकाच गोष्टीसाठी. पहिले चार महिने हा पीसी धड बंद होत नव्हता.

व्हायचं असं: शटडाऊनवर क्लिक केलं की 'शटिंग डाऊन' दिसायचं, गोल फिरायचं, मग पडदा काळा. आपण उठून दिवा घालवायचा आणि अंधारात कॅबिनेटचा निळा दिवा तसाच चालू, पंख्याची घरघरही चालूच. सुरुवातीला वाटलं, अपडेट चालू असेल. पण रोज कसलं अपडेट? कधी सकाळी पाहावं तर पीसी चालू होऊन लॉगिनचा पडदा दाखवत बसलेला. एकदा मुलगी म्हणाली, "बाबा, हा रात्रभर जागाच होता." मग मी जे सगळेच करतात तेच करायला लागलो. बटण चार सेकंद दाबून धरायचं आणि गळा दाबल्यासारखा बंद करायचा.

पूर्वी, विंडोज ९५ च्या काळात, शटडाऊन केल्यावर काळ्या पडद्यावर नारिंगी अक्षरांत यायचं की आता संगणक बंद करायला हरकत नाही, आणि मग आपण खटका पाडायचो. तो खटका खरोखर वीज तोडायचा. १९९५ मध्ये एटीएक्स (मदरबोर्ड आणि पॉवर सप्लाय यांचा नवा ठरलेला आराखडा) आलं तेव्हापासून समोरचं बटण म्हणजे नुसता अर्ज. तो मंजूर करायचा की नाही हे सॉफ्टवेअर ठरवतं. चार सेकंद दाबून धरणं ही तेवढी त्यातली पळवाट.

बळजबरीने बंद केल्यावर इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडून पाहिलं, तर प्रत्येक वेळी 'कर्नल-पॉवर ४१' अशी लाल नोंद. इथे मी जवळजवळ फसलो होतो. ४१ दिसलं की पॉवर सप्लाय बदला, असा सल्ला हमखास मिळतो. मीही नवा मागवायच्या बेतात होतो. पण ४१ एवढंच सांगतो की मागच्या वेळी पीसी रीतसर बंद झाला नव्हता. का, ते सांगत नाही. अडकला की बटण मीच दाबून धरत होतो, म्हणजे ती नोंद माझ्याच बोटाची होती.

मग एक गोष्ट लक्षात आली. रीस्टार्ट कधीच अडकत नव्हता, अडकायचा तो फक्त शटडाऊन. आणि टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूखाली 'अप टाइम', म्हणजे शेवटचा पूर्ण नव्याने सुरू झाल्यापासूनचा वेळ, पाहिला तर चक्क एका दिवसाहून जास्त. रात्री सुरळीत बंद झाला असं ज्या ज्या दिवशी मला वाटलं होतं, त्याही दिवशी तो खऱ्या अर्थाने बंद झालेलाच नव्हता.

याचं कारण फास्ट स्टार्टअप. २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर हे आलं. शटडाऊन म्हटलं की आपले प्रोग्रॅम बंद होतात, आपण लॉग आउट होतो, पण खालचा कर्नल (विंडोजचा गाभा) आणि ड्रायव्हर (उपकरणं चालवणारे छोटे प्रोग्रॅम) यांची स्थिती डिस्कवर लिहून ठेवली जाते. दुसऱ्या दिवशी तीच उचलून आणायची, म्हणून पटकन सुरू. रीस्टार्टमध्ये मात्र सगळं पुसून नव्याने. त्यामुळे बिघडलेलं काही 'बंद करून चालू करून बघ' म्हणून सुटत नाही आणि रीस्टार्टने सुटतं, हा उलटा वाटणारा अनुभव अनेकांना येतो. घरात लिनक्सही असेल तर विंडोजच्या ड्राइव्हवर लिहू देत नाही, त्यामागेही बहुधा हेच असतं.

कंट्रोल पॅनलमध्ये पॉवर ऑप्शन्स, तिथे 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू'. फास्ट स्टार्टअपची टिक आधी करडी असते, वरच्या दुव्यावर क्लिक केल्यावरच काढता येते. काढली. सुरू व्हायला आधी ११ सेकंद लागायचे, ते १६ झाले. पाच सेकंदांचं दुःख मला तरी नाही. फक्त एखाद्या वेळी तपासायचं असेल तर सेटिंगला हात न लावता शिफ्ट दाबून शटडाऊन केलं तरी पूर्ण बंद होतो.

फरक लगेच पडला. जवळजवळ रोजचा त्रास आठवड्यातून एकदावर आला. पुष्कळ जण इथेच थांबतात, मीही महिनाभर थांबलो. पण आठवड्यातून एकदा म्हणजे बरं झालेलं नव्हे. रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात) सेवांचा, म्हणजे मागे चालणाऱ्या प्रोग्रॅमचा, थांबण्याचा वेळ कमी करा, हाही सल्ला मिळाला. तो वेळ मुळातच ५००० मिलिसेकंद असतो. पाच सेकंदांचे दोन करून माझा रात्रभर जागणारा पीसी कसा झोपणार? ते केलं नाही.

खरा धागा सापडला तो आपोआप चालू होण्यातून. बंद करायला सांगितलेला पीसी लॉगिनवर का येतो? कारण बंद होता होता तो कोसळतो, आणि कोसळला की स्वतःच रीस्टार्ट व्हायचं, अशी मूळ सेटिंग असते. सिस्टीम प्रॉपर्टीजच्या ॲडव्हान्स्डमध्ये 'स्टार्टअप अँड रिकव्हरी' आहे. तिथली 'ऑटोमॅटिकली रीस्टार्ट'ची टिक काढली आणि वाट पाहत राहिलो. पाचव्या रात्री अडकला. या वेळी बटण दाबलं नाही, खुर्ची ओढून समोर बसलो. आठ-दहा मिनिटं नुसता पंखा. मग अचानक निळा पडदा: 'ड्रायव्हर पॉवर स्टेट फेल्युअर'. चार महिन्यांत इतका आनंद झाला नव्हता! निळा पडदा बघून हसणारा माणूस बघून बायकोने दार लोटून घेतलं.

याचा अर्थ असा की बंद होताना प्रत्येक उपकरणाला 'वीज सोड' असा निरोप जातो, आणि एक ड्रायव्हर उत्तरच देत नाही. कोसळताना विंडोज जी छोटी नोंद-फाइल लिहून ठेवतं ती, म्हणजे मिनिडम्प, उघडला, त्यात एका फाइलचं नाव होतं. ती जुन्या पीसीवरून काढून मागच्या यूएसबीत खोचलेल्या वायफाय ॲडॉप्टरची निघाली. चिमटीत मावेल एवढा तुकडा, ड्रायव्हरची तारीख पाच वर्षांपूर्वीची. मी त्याला विसरूनच गेलो होतो, कारण नेट उत्तम चालत होतं.

काढून ठेवला. २० रात्री एकदाही अडकला नाही. परत खोचला, तिसऱ्या रात्री अडकला. एवढं केल्याशिवाय माझा विश्वास बसला नसता. मग त्याच्या चिपचा नवा ड्रायव्हर बसवला, आणि गंमत म्हणून फास्ट स्टार्टअपही तीन आठवडे पुन्हा चालू ठेवला. काहीही झालं नाही. म्हणजे ज्याला मी महिनोन्‌महिने शिव्या दिल्या, तो फक्त त्या ड्रायव्हरला रोज अडचणीत आणत होता, चूक त्याची नव्हतीच. तरी आता टिक काढलेलीच आहे. बंद म्हटलं की बंद, अप टाइम शून्यापासून, हे मला आवडतं. मोठ्या अपडेटनंतर टिक परत लागली नाही ना, यावर तेवढी एक नजर टाकतो.

आता एक शेवटचं, कारण घरात यावरून पुन्हा घबराट झाली होती. पीसी पूर्ण बंद असतानाही मदरबोर्डवरचा बारीक दिवा आणि माऊसचा लाल उजेड चालू राहू शकतो. पॉवर सप्लाय बंद अवस्थेतही ५ व्होल्टची एक वाट चालू ठेवतो, बटणाचा 'अर्ज' ऐकायला कुणी तरी जागं हवं म्हणून. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मदरबोर्डच्या सॉफ्टवेअरमध्ये) बंद अवस्थेतली वीज वाचवणारी 'ईआरपी' नावाची सेटिंग आहे, ती चालू केल्यावर माऊस विझला. बदल्यात कीबोर्डवरून पीसी चालू करण्याची सोय गेली, आणि आता रोज सकाळी मुलगी टेबलाखाली वाकून बटण दाबते.