सीबीसी मशीन असताना न्यूबार चेंबर कशाला? उदगीरच्या लॅबमधला अनुभव

आमच्याकडे रक्तातल्या पेशी आपोआप मोजणारं थ्री-पार्ट सीबीसी मशीन आहे (थ्री-पार्ट म्हणजे पांढऱ्या पेशींचे तीन गट सांगणारं). त्यामुळे न्यूबार चेंबर, म्हणजे मायक्रोस्कोपखाली हातानं पेशी मोजायची जाळी कोरलेली काच, मागवलं तेव्हा मालकांनी विचारलंच, "आता हातानं कोण मोजतंय?" त्यानंतर डेंग्यूचा हंगाम गेला, हिवाळा गेला, उन्हाळाही सरत आला. रोजच्या पेशंटसाठी हे चेंबर नाहीच. मात्र मशीनच्या आकड्यावर शंका आली की दुसरं मत कुणाचं घ्यायचं, हा प्रश्न आता पडत नाही.

मागवलं ते इम्प्रूव्ह्ड न्यूबार, ब्राइट लाइनचं. साध्या काचेवरच्या रेघा शोधण्यातच निम्मा वेळ जातो. चकाकीच्या थरावर कोरलेल्या रेघा दहाच्या लेन्सखाली लगेच सापडतात. स्वस्तातलं घेऊ नका. रचना सगळ्यांना माहीत आहे: ३ बाय ३ मिमीची जाळी, १ चौरस मिमीचे ९ मोठे चौकोन, खोली ०.१ मिमी. टोटल काउंटला (एकूण पांढऱ्या पेशींना) चार कोपरे मोजायचे, २० पट डायल्युशन (म्हणजे रक्त २० पट पातळ करायचं), आलेल्या बेरजेला ५० ने गुणायचं.

सगळा हिशेब त्या ०.१ मिमीवर उभा आहे आणि ती खोली सांभाळते कव्हर स्लिप, म्हणजे वरून ठेवायची काच. चेंबरची कव्हर स्लिप जाड असते, साधारण ०.४ मिमी. ती फुटली म्हणून साधी पातळ कव्हर स्लिप ठेवणारे मी पाहिलेत. पातळ काच मध्ये वाकते, खोली बदलते, मग रिपोर्टही बदलतो. जाड काच कडेच्या पट्ट्यांवर हलक्या हातानं दाबून सरकवली की टेकते तिथं रंगीत कडी दिसतात. ती दिसली नाहीत तर पुसून पुन्हा बसवायची.

चार्ज करणं, म्हणजे चेंबर भरणं, हीच खरी कला. बल्बच्या पिपेटचे पहिले तीन-चार थेंब सोडून द्यायचे, कारण दांड्यात रक्त पातळ करायचं नुसतं फ्लुइड असतं. मग टोक काचेच्या कडेला तिरकं टेकवायचं आणि थेंब आपोआप आत ओढला जाऊ द्यायचा. खाचेत ओघळला, आत बुडबुडा राहिला किंवा कोपरा कोरडा राहिला, तर मोजत बसू नये, सरळ धुऊन टाकावं. आम्ही आता बल्बचं पिपेट वापरतच नाही. मायक्रोपिपेटनं ३८० मायक्रोलिटर फ्लुइडमध्ये २० मायक्रोलिटर रक्त, काम झालं. तोंडानं ओढायची जुनी पद्धत अजून कुठं चालू असेल तर कृपा करून बंद करा.

डेंग्यूच्या दिवसांत या चेंबरची किंमत कळली. सकाळपासून नातेवाईक काउंटरवर, "सर, पेशी वाढल्या का?" मशीन सांगतं प्लेटलेट ३८ हजार, पेशंट मात्र चालत आलेला, अंगावर रक्तस्रावाचा एक ठिपका नाही. अशा वेळी आधी स्मिअर (काचेवर पसरलेलं रक्त) बघतो आणि लगेच चेंबर लावतो. एक टक्का अमोनियम ऑक्झलेट लाल पेशी फोडतं, प्लेटलेट राहतात. ४० च्या लेन्सखाली, कंडेन्सर (खालून उजेड गोळा करणारं भिंग) खाली करून, उजेड कमी केला की त्या बारक्या चकाकत्या ठिपक्यांसारख्या उठून दिसतात. त्यांचे पुंजके दिसले की समजायचं, रक्त गोठू नये म्हणून ट्यूबमध्ये असलेल्या इडीटीएमुळे गठ्ठे झालेत. मशीनचा आकडा खोटा, आणि आपला आकडाही रिपोर्टवर टाकायचा नाही. मग निळ्या बुचाच्या सायट्रेट ट्यूबमध्ये नवं सॅम्पल घ्यायचं, येईल त्याला १.१ ने गुणायचं. उलटंही होतं. मशीन पेशी आकारावरून ओळखतं, त्यामुळे रक्त फार कमी असलेल्या बाईच्या अगदी बारक्या लाल पेशी प्लेटलेटमध्ये धरल्या जातात आणि आकडा फुगतो. चेंबरमध्ये तो घोळ होत नाही.

पण चेंबरला देव मानू नका. प्लेटलेट २० हजार असतील आणि १०० पट डायल्युशन केलं, तर मधल्या चौकोनात येणार जेमतेम २० ठिपके. एवढ्या कमी मोजणीत नुसत्या योगायोगानंच वीसेक टक्के फरक पडतो. तेच २० पटीवर केलं तर १०० ठिपके मिळतात आणि फरक दहा टक्क्यांवर येतो. म्हणून कमी प्लेटलेटला नेहमी २० पट, आणि चेंबरच्या दोन्ही बाजू. दोन बाजूंचं जुळलं नाही तर परत भरायचं. रेघेवरच्या पेशींत डावी आणि वरची रेघ धरायची, उजवी आणि खालची सोडायची. आमच्याकडे दोघं टेक्निशियन वेगवेगळ्या रेघा धरत होते, तेव्हा जाळीचं चित्र काढून मायक्रोस्कोपशेजारी चिकटवलं.

उन्हाळ्यात हे चेंबर वैताग आणतं. प्लेटलेट खाली बसायला १०-१५ मिनिटं द्यावी लागतात आणि एप्रिल-मेमध्ये कूलर चालू असेल तर तेवढ्यात कडा सुकायला लागतात, पेशी एका बाजूला वाहून जातात. पेट्रीडिशमध्ये ओला फिल्टर पेपर घालून त्यात चेंबर झाकून ठेवतो. हे सोपं आहे, पण गर्दीत नेमकं हेच टाळलं जातं. धुण्याचंही तसंच: बोअरचं पाणी नको, रेघांवर पांढरा थर चढतो. डिस्टिल्ड वॉटर, मग स्पिरिट, मग लेन्स पेपर. साडीच्या तुकड्यानं पुसायची सवय आमच्या मावशींना मोडावी लागली.

लाल पेशी मोजायच्या भानगडीत पडलो नाही. पाच चौकोन मोजून दहा हजारानं गुणायचं, आणि लाल पेशींसाठी रक्त पातळ करायच्या हेमच्या फ्लुइडमध्ये पारा, तो टाकायचा कुठं? हिमोग्लोबिनची तपासणी असताना त्याची गरज नाही.

खरा फायदा शरीरातून काढलेल्या पाण्यांच्या सॅम्पलचा. पोटातल्या पाण्यात न्यूट्रोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) मायक्रोलिटरला २५० च्या वर आहेत की खाली, यावर डॉक्टर औषध ठरवतात, आणि आमचं मशीन या कामाचं नाही. पाठीतलं (मणक्यातून काढलेलं) पाणी स्वच्छ असेल तर पातळ न करताच नऊही चौकोन मोजतो, दहानं गुणून नवानं भागतो. हे सॅम्पल आलं की बाकी सगळं बाजूला, कारण तासाभरात पेशी फुटायला लागतात. तिथं एकच कमी जाणवते: पेशी मोजक्याच असतात आणि न्यूबारमध्ये एका बाजूला फक्त ०.९ मायक्रोलिटर पाणी मावतं. फुक्स-रोझेंथाल नावाच्या दुसऱ्या चेंबरमध्ये ३.२ मावतं. आता ते मागवलंय, आणि सोबत जास्तीच्या दोन कव्हर स्लिपा.