६७ नंबरची जर्सी: कापड झकास, प्रिंटने घात केला

तीन महिने घालून मग लिहितोय, पार्सल फोडल्या फोडल्या पाच स्टार देणाऱ्यांवर आपला विश्वास नाही.

तर ही कॅनडाचा फुटबॉलपटू अल्फोन्सो डेव्हिस याची व्हँकुव्हर व्हाइटकॅप्सची, म्हणजे त्याच्या कॅनडातल्या जुन्या क्लबची, पांढरी जर्सी. रिप्लिका आहे आणि तसं लिहूनच विकतात, त्यामुळे त्याबद्दल काही म्हणणं नाही. दुकानाचं नाव मुद्दाम घेत नाहीये. नंतर तो जर्मनीतल्या बायर्न म्युनिक क्लबात गेला, तिथली १९ नंबरवाली कुठेही मिळते हो, मला ६७ च पाहिजे होती. जुलै २०१६ ला एमएलएसमध्ये (अमेरिका-कॅनडातली फुटबॉल लीग) पहिल्यांदा उतरला तेव्हा पोरगं १५ वर्षांचं होतं, आणि पाठीवर हा असला भलताच नंबर.

कापड खरंच चांगलंय. हलकं, घाम पटकन सुकतो, शिलाई सरळ, काखेत एक धागा लोंबत होता तो कापून टाकला. खांद्यात जरा आवळते, एक साइज मोठी मागवा.

आता प्रिंट. दुसऱ्याच धुण्यात ७ चा कोपरा उचलला. मशीनला लावली नव्हती बरं का, उलटी करून, गार पाण्यात, हाताने. चौथ्या धुण्यात ७ ची वरची आडवी पट्टी बादलीत तरंगत होती!

आणि प्रॉडक्टच्या माहितीत काय लिहिलंय, तर 'जन्माने कॅनडियन स्टार'. अहो, तो जन्मला घानात, बुडुबुरामच्या निर्वासित छावणीत, २००० साली, आईवडील लायबेरियातल्या यादवीतून जीव मुठीत धरून पळालेले. कॅनडात आला तेव्हा पाच वर्षांचा होता. एडमंटनला शाळा सुटल्यावर फ्री फूटी नावाची फुकट लीग चालायची, घरची परिस्थिती बेताची असलेल्या पोरांसाठी, तिथे खेळायला लागला, आणि १४ व्या वर्षी घर सोडून थेट व्हँकुव्हरच्या अकादमीत. नागरिकत्व मिळालं जून २०१७ ला, आठवड्याभरात कॅनडाच्या सीनियर टीमकडून खेळला आणि पुढच्याच महिन्यात गोल्ड कपमध्ये (उत्तर-मध्य अमेरिका आणि कॅरिबियन देशांची स्पर्धा) तीन गोल. एवढं सगळं सोडून 'जन्माने'? असो.

कस्टमर केअरला फोटो पाठवले. दोन दिवसांनी उत्तर, सर ६७ चा स्टॉक संपला, बायर्नची १९ पाठवतो, प्लेअर तोच आहे.

प्लेअर तोच, पण जर्सी तीच कशी? बायर्नबरोबर डील झाली जुलै २०१८ मध्ये, एमएलएसमधून बाहेर गेलेल्या खेळाडूंत तेव्हाची विक्रमी रक्कम, पण लगेच जाता येईना कारण १८ पूर्ण झाल्याशिवाय फिफा दुसऱ्या देशात ट्रान्सफर करू देत नाही, थोडे अपवाद आहेत पण त्यात हा बसत नव्हता. अठरावा वाढदिवस २ नोव्हेंबरला. म्हणजे म्युनिकचं ठरलेलं असताना पठ्ठ्या तो सीझन संपेपर्यंत ह्याच ६७ मध्ये पळत होता, आणि शेवटच्या मॅचला पोर्टलंडविरुद्ध टीमचे दोन्ही गोल ह्यानेच मारले, २-१. मला ती जर्सी पाहिजे होती. १९ वाला डावा बॅक (डाव्या बाजूचा बचावपटू) वेगळा, तो सगळ्यांना माहितीये.

हे सगळं त्यांना मेलमध्ये लिहिलं (बायको म्हणाली, कस्टमर केअरवाल्याला कशाला छळतोस) आणि शेवटी अर्धे पैसे परत मिळाले, एवढं मात्र त्यांनी कुरकुर न करता केलं. माहितीतलं 'जन्माने' अजून तसंच आहे.

उरलेला नंबर वर सुती कपडा ठेवून हलकी इस्त्री फिरवून बसवलाय, अजून तरी टिकलाय. वाफेची इस्त्री लावू नका, कडा गोळा होतात. कापडाला चार स्टार, प्रिंटला एक. पट्टी गेल्यापासून ७ चा नुसता दांडा राहिलाय, त्यामुळे लांबून ६१ दिसतं, परवा ग्राउंडवर एकाने विचारलंच, हा ६१ कोण रे?