पहिला बॉलिंग बॉल घेताय? आधी लेनवरचं तेल बघा

मी पहिला बॉल घेतला तो रिव्ह्यूचे व्हिडिओ बघून. काळाकुळकुळीत, मॅट फिनिशचा, एकदम महागातला, व्हिडिओत तो लेनच्या कडेवरून असा काही आत वळायचा की बस्स! आणि आमच्या लीगमध्ये पहिला गेम बरा गेला, दुसऱ्यात तो लवकर वळायला लागला आणि तिसऱ्या गेमला निम्म्या लेनवरच वळून पिनांपर्यंत पोचेस्तोवर त्याच्यात दमच उरेना. बॉलमध्ये काही खोट नव्हती हो. व्हिडिओतल्या लेनवर तेल भरपूर होतं, आमच्याकडे नव्हतं, एवढंच.

तर आधी तेलाचं बघू, बॉलचं नंतर. फाऊल लाईनपासून, म्हणजे जिच्या अलीकडून बॉल सोडायचा त्या रेघेपासून, पहिल्या पिनपर्यंत 60 फूट, आणि रुंदीत शेजारी शेजारी 39 उभ्या पट्ट्या म्हणजे बोर्ड. अमेरिकेतल्या बहुतेक सेंटरमध्ये रोज तेलाचा जो पॅटर्न टाकतात त्याला हाऊस शॉट म्हणतात, त्यात साधारण पहिल्या 40 फुटांवर तेल असतं आणि शेवटचे 20 फूट कोरडे. शिवाय मधल्या बोर्डांवर तेल जाड आणि दोन्ही कडांना पातळ. त्यामुळे चेंडू चुकून बाहेर गेला तर कोरड्यावर धरतो आणि परत येतो, आत गेला तर तेलावर घसरत राहतो आणि फार वळत नाही, म्हणजे दोन्हीकडून माफी. स्पोर्ट पॅटर्न म्हणजे मुद्दाम अवघड केलेला पॅटर्न, त्यावर मध्यातलं तेल कडेच्या तिप्पटीपेक्षा जास्त नसतं, तिथे ही माफी जवळपास संपते आणि लीगमध्ये गेमला 190 गुणांची ॲव्हरेज मिरवणारे लोक एकदम गप्प होतात (मी 190 वाला नाही, तरी गप्प होतो).

आता एकच हाऊस शॉट, नुकतंच तेल टाकलेलं, आणि वेगवेगळे बॉल. प्लॅस्टिकचा म्हणजे पॉलिस्टरचा बॉल, कोलंबिया कंपनीचा व्हाईट डॉट घ्या किंवा सेंटरच्या रॅकवरचा फुकटचा हाऊस बॉल घ्या, तेल असो नसो जवळपास सरळच जातो. स्ट्राईकसाठी, म्हणजे एकाच बॉलमध्ये सगळ्या पिना पाडायला, हे वाईट, कारण पॉकेटमध्ये (पहिली पिन आणि तिच्या शेजारची पिन ह्यांच्या मधल्या फटीत) साधारण सहा अंशांच्या कोनात शिरलेला बॉल पिनांतून आरपार जातो आणि सरळ गेलेला पिनांना धडकून बाजूला ढकलला जातो. पण कोपऱ्यातली दहा नंबरची एकटी पिन उरली की हाच बॉल देव! वळणारा बॉल त्या पिनवर टाकताना तेल कुठे संपलंय ह्याचा अंदाज घेत बसायला लागतं, प्लॅस्टिकला काही फरकच पडत नाही.

रिॲक्टिव्ह रेझिनचा बॉल म्हणजे खरा हूक, खरं वळण. त्याच्या पृष्ठभागाला बारीक छिद्रं असतात, तो तेल अक्षरशः पितो. त्यात पुन्हा दोन स्वभाव. सॉलिड कव्हर (बाहेरचं आवरण), मॅट फिनिशवाला लवकर पकडतो, सलग गोल वळण घेतो, ताज्या जाड तेलावर मस्त चालतो. पर्ल कव्हर, पॉलिशवाला तेलावर मुकाट घसरत जातो आणि कोरडं लागलं की एकदम कोन बदलतो. हायब्रिड ह्या दोघांच्या मधला. स्टॉर्मचा फेज टू सॉलिड आहे आणि त्याच कंपनीचा हाय-रोड हायब्रिड, दोन्ही एकाच संध्याकाळी एकाच लेनवर टाकून बघितले की फरक आपोआप कळतो.

पण ताजं तेल टिकतं किती? एका जोडीच्या लेनवर आठ-दहा माणसं रिॲक्टिव्ह बॉल टाकतायत, प्रत्येकाचा बॉल थोडं थोडं तेल उचलून नेतोय, सगळे दुसऱ्या ॲरोच्या (लेनवर नेम धरायला काढलेल्या बाणांपैकी कडेकडून दुसऱ्या) आसपासच खेळतायत, मग दुसऱ्या गेमच्या शेवटाला तिथला पट्टा जळालेला, म्हणजे तेल उडालेला, असतोच. उजव्या हाताने खेळणारा असाल तर पाय दोन बोर्ड डावीकडे, टार्गेट एक बोर्ड डावीकडे, असं सरकत जायचं. इथे माझा तो महागडा सॉलिड आधी हरतो आणि पर्ल टिकून राहतो, कारण त्याला पुढच्या भागात घसरायला फार तेल लागत नाही. डावखुरे मात्र ऐश करतात, त्यांच्या बाजूला खेळणारे एक-दोघंच, त्यांचं तेल शेवटपर्यंत तसंच. आमचा टीममधला डावखुरा दर आठवड्याला विचारतो की तुम्ही सगळे एवढे सरकता कशाला.

युरेथेनचं जरा वेगळंच. हे 1980 च्या दशकातलं मटेरियल, 1990 च्या दशकात रिॲक्टिव्ह आलं तसं मागे पडलं आणि आता पुन्हा जोरात आहे. लवकर पकडतं पण शेवटी झटका देत नाही, त्यामुळे कोरड्या लेनवर आणि आखूड, म्हणजे कमी फुटांवर तेल असलेल्या, पॅटर्नवर ताब्यात राहतं. ऑस्ट्रेलियाचा व्यावसायिक खेळाडू जेसन बेलमाँटी ह्याच्यासारखं दोन हातांनी खूप फिरकी देणाऱ्यांना म्हणूनच आवडतं. पण जाड तेलावर कमी फिरकीवाल्याच्या हातात युरेथेन म्हणजे महाग प्लॅस्टिक. आणि हे तेल फार पीत नाही, पुढे ढकलत नेतं, मग तुमच्यामागून त्याच लाईनवर खेळणाऱ्याचा बॉल शेवटी वळतच नाही आणि तो तुमच्याकडे बघत बसतो.

आखूड आणि लांब पॅटर्नसाठी एक सोपा हिशोब आहे, तेलाच्या लांबीतून 31 वजा करायचे, उरतो तो कडेपासूनचा बोर्ड जिथून बॉलने वळायला हवं. 35 फूट असेल तर चौथा बोर्ड, म्हणजे जवळजवळ गटरच्या काठावरून, तिथे पॉलिश केलेला पर्ल किंवा युरेथेन. 45 फूट असेल तर चौदावा, बॉलला वळायला जागा उरते जेमतेम 15 फूट, आणि इथेच तो मॅट सॉलिड पैसे वसूल करतो. हाऊस शॉटला 9, म्हणजे दुसऱ्या ॲरोच्या अगदी शेजारी, आणि म्हणूनच तिथे एवढी गर्दी.

मग घ्यायचं काय? आठवड्यातून एकदा हाऊस शॉटवर लीग खेळणार असाल तर मधल्या ताकदीचा रिॲक्टिव्ह, हायब्रिड किंवा पर्ल, आणि सोबत स्पेअरसाठी, म्हणजे उरलेल्या पिना पाडायला, स्वस्तातलं प्लॅस्टिक. ही जोडी एका महागड्या सॉलिडपेक्षा जास्त पिना पाडेल, ह्यावर माझं ठाम मत आहे. युरेथेन तिसरा, तोही तुमची फिरकी चांगली असेल तरच. स्पोर्ट लीगला नाव दिलं असेल तर गोष्ट वेगळी, तिथे सॉलिड लागेलच.

आणि सॉलिड आधीच घेऊन बसला असाल, माझ्यासारखा, तर लगेच विकू नका. प्रो शॉपमध्ये (बॉलिंगच्या सामानाच्या दुकानात) देऊन 4000 च्या बारीक पॅडने घासून वर पॉलिश करून घ्या, तो बराच उशिरा वळायला लागतो. ताज्या तेलावर उलटं करायचं, 1000 किंवा 2000 चं खरखरीत पॅड. कोअरवर, म्हणजे बॉलच्या आतल्या गाभ्यावर, लोक तासन्‌तास बोलतात पण लेनला आधी टेकतो तो पृष्ठभाग. खेळून झाल्यावर प्रत्येक वेळी क्लीनरने पुसायचा, नाहीतर प्यायलेलं तेल आत राहतं आणि काही महिन्यांत बॉल सुस्तावतो. माझा आता पॉलिश करून तिसऱ्या गेमपर्यंत चालतो, आणि पहिल्या गेमला मी टीममेटचा हायब्रिड उसना घेतो.